बाळाचे बोल आणि घरचे बोलणे

सोलापुराहून आग्नेयेकडे जाणारा लोहमार्ग होटगी जंक्शनवर दुभंगतो. एक फाटा वाडीच्या दिशेने जातो व दुसरा विजापूरवरून गदगकडे. गदगकडचे रूळ पूर्वी मीटरगेजचे होते. आता तेही रुंद झाले आहेत. परंतु या गावी रुळांच्या फाट्याहून पुष्कळ जुने असे आणखी एक मीलन आहे व ते भाषांचे होय. होटगीच्या कित्येक घरांतून कानडी बोलली जाते. वीरशैवांचा बृहन्मठ येथे असल्यामुळे कानडी मुलखातील भाविकांचे येणेजाणेही असते. शाळेत, कचेरीत व बाजारात मराठी चालते. मुसलमान कुटुंबांत दखनी ऐकू येते, आसपासच्या तांड्यांवर लमाणी बोलतात, आणि सोलापूर शहरातील पद्मशाली विणकरांच्या वस्तीत गेले की कानावर तेलुगू पडते.

अशा गावातील एखाद्या कानडी घरी दीड वर्षाचे मूल उंबऱ्याशी बसले आहे, अशी कल्पना करावी. त्याची अज्जी दोन्ही हात पुढे करून 'बा' म्हणते आणि ते मूल धडपडत उठून तिच्याकडे जाते. कारण कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. पलीकडच्या मराठी घरातील मुलगा शेतावरून परतणाऱ्या बापाला पाहून 'बा आला' असे ओरडतो; तेथे तोच उच्चार जन्मदात्याचा वाचक ठरतो. उंबऱ्यावरचे मूल दोन्ही ऐकते आणि काही महिन्यांत कोण कोणत्या अर्थाने 'बा' म्हणतो हे बिनचूक ओळखू लागते. त्याला हे कोणी शिकवीत नाही.

हेच अक्षर उत्तर चीनमधील मुलाच्या कानी पडले, तर त्याला आणखी एका गोष्टीचा उमज पडावा लागतो. तेथे 'बा' उंच व सपाट सुरात म्हटले तर 'आठ' असा अर्थ होतो, चढत्या सुरात 'उपटणे', खाली जाऊन पुन्हा वर येणाऱ्या सुरात 'मुठीत धरणे', आणि वरून झपकन खाली येणाऱ्या सुरात 'बाप'. होटगीच्या उंबऱ्यावरून एकदम चीनची गोष्ट निघाली, याचे इतर कोणास आश्चर्य वाटले तरी सोलापूरकरांस वाटू नये. एका सोलापूरकराच्या मुलाची पहिली भाषा हीच चिनी भाषा होती.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जपानने चीनवर आक्रमण केले असता राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. अटल, चोळकर, बसू व मुखर्जी यांच्यासह त्यात कोटणीस होते. इतर चौघे पुढे मायदेशी परतले. कोटणीस तेथेच राहिले. अठ्ठाविसाव्या वर्षी परक्या देशी गेलेल्या या गृहस्थाने रोग्यांशी व सैनिकांशी बोलता यावे म्हणून चिनी भाषा नेटाने शिकून घेतली, तिची लिपीही आत्मसात केली. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. त्यातील 'यिन' हे हिंदुस्थानच्या चिनी नावाचे पहिले अक्षर आणि 'हुआ' हे चीनचे. त्यानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर कोटणीसांचे देहावसान झाले.

डॉक्टरांच्या त्यागाची ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली तिच्यावर बोलपटही काढला. येथे प्रस्तुत आहे ती तिची एक लहानशी बाजू. यिनहुआच्या पाळण्याभोवती दोन भाषांचा संभव होता. त्यांपैकी चिनी भाषा आईच्या, परिचारिकांच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुखाने त्याला मिळाली. मराठी त्याला देऊ शकेल असा त्या मुलखात एकच मनुष्य होता, आणि मूल 'बा' म्हणण्याच्या वयाचे होण्यापूर्वीच तो गेला. भाषा घरातून मुलाकडे कशी जाते आणि कशी जात नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. शास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास वर्षांत या विषयाचा जो शोध केला आहे, तोही याच निष्कर्षाकडे नेणारा आहे.

प्रथम बाळाच्या कानाचा विचार करावा. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत मुलाला ऐकू येऊ लागते, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज इतर स्त्रियांच्या आवाजांतून निवडू शकते. त्या वेळी त्याचा कान कोणत्याच एका भाषेचा नसतो. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मराठी माणसाला चटकन समजण्याजोगा आहे. हिंदीतील 'त' आणि 'ट' हे दोन वर्ण इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला वेगळे ऐकू येत नाहीत. परंतु इंग्रजी घरातील सहा ते आठ महिन्यांच्या मुलांना तो भेद ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांची ती शक्ती बहुतेक मावळलेली आढळली. हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलांची मात्र त्याच वयात शाबूत होती. पहिला वाढदिवस येण्याच्या सुमारास मुलाचा कान घरच्या भाषेच्या साच्यात बसू लागतो: जे नित्य ऐकू येते त्याची जाण तीक्ष्ण होते, जे कधीच ऐकू येत नाही त्याची बोथट होते. म्हणजे मूल मुके असते तेव्हाही त्याचे भाषाशिक्षण चालूच असते. 'त्याला आता काय कळते' असे म्हणून त्याच्यापाशी गप्प बसणाऱ्या वडीलमाणसांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

चिनी घरातील मूल याच वाटेने कसे जाते ते पाहावे. पाश्चात्त्य लोक जिला मँडरिन म्हणतात आणि चीनमध्ये १९५६ पासून सरकारी प्रयत्नाने प्रसृत झालेल्या जिच्या प्रमाण रूपाला 'फुतोंगहुआ' हे नाव आहे, त्या भाषेत चार सूर आहेत. पाचवा एक हलका, निराघात उच्चार असतो. प्रौढ वयात ही भाषा शिकणाऱ्याला सुरांनी रडकुंडीस आणावे. चिनी मुलाला मात्र सूर आधी येतात आणि व्यंजने नीट वळण्यास वेळ लागतो. चार्ल्स ली व सँड्रा थॉम्प्सन यांनी तैवानमधील मुलांचे निरीक्षण करून १९७७ साली हे दाखवून दिले. उंच सपाट सूर व उतरता सूर मुलांना लवकर साधतात. चढता सूर आणि खाली जाऊन वर येणारा सूर यांची गल्लत पुष्कळ दिवस होत राहते. चिनी भाषेत 'मा' म्हणजे आई, हा शब्द उंच सपाट सुराचा आहे आणि 'बा' म्हणजे बाप, हा उतरत्या सुराचा. मुलाच्या गळ्याला सर्वांत आधी साधणारे हेच दोन सूर होत.

त्या घरातील बोलणे मराठी कानाला फारसे परके वाटू नये. आपल्याकडे आजी तान्ह्याशी बोलताना कुत्र्याला 'भूभू' आणि मांजराला 'माऊ' म्हणते. चिनी आजीही शब्द दोनदा उच्चारते, गाडीला 'छछ' आणि कुत्र्याला 'गोगौ' म्हणते. आवाज थोडा उंच, वाक्य तोकडे, शब्द सावकाश, ही रीत उभयपक्षी एकच. नात्यांची गोष्टही तशीच. इंग्रजीत एका शब्दात गुंडाळलेली नाती मराठीत काका व मामा, आत्या व मावशी अशी वेगळी ठेवलेली आहेत. चिनीत तर वडिलांचा थोरला भाऊ 'बोबो' व धाकटा भाऊ 'शूशू' असा आणखी एक भेद आहे. मामा तो 'जिउजिउ' आणि आत्या ती 'गूगू'. ही नावे पाठ करून येत नाहीत. जो माणूस दारात येतो त्याच्याकडे बोट दाखवून आई 'शूशू आले, म्हण शूशू' असे सांगते, आणि मूल माणसासह शब्द घेते. ज्या घरी माणसांचा राबता आहे तेथे हे शब्द लवकर येतात.

घरच्या बोलण्याचा ठसा मुलाच्या शब्दसंग्रहावर किती खोल उमटतो, याचा दाखला ट्वायला टार्डिफ यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या बीजिंगमधील निरीक्षणांतून मिळतो. इंग्रजी बोलणारी मुले प्रथम वस्तूंची नावे गोळा करतात, यावरून मनुष्यमात्राचा हाच क्रम असावा असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. परंतु बीजिंगमधील सुमारे बावीस महिन्यांच्या मुलांच्या बोलण्यात नामांपेक्षा क्रियापदे अधिक आढळली. याचे एक कारण घरात सापडते. चिनी वाक्यात कर्ता व कर्म पुष्कळदा गाळता येतात, क्रियापद राहते. आणि चिनी आया मुलांना 'हे काय' असे विचारण्यापेक्षा 'घे, ठेव, उचल, जा' असेच अधिक म्हणतात. मराठी आई दिवसभरात किती वेळा 'ये, घे, बस, खा, नको' म्हणते हे ज्याने ऐकले असेल, त्याला यात नवल वाटणार नाही. चिनी मुलाचे क्रियापद लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही एवढी त्याची सोय. मराठी मुलाला 'गेला, गेली, गेले' यांचा हिशेब तीन वर्षांच्या आत मांडू लागावे लागते. त्याच्या बदली चिनी मुलापुढे दुसरे संकट आहे. तेथे वस्तू मोजताना संख्येनंतर त्या वस्तूच्या जातीचा एक शब्द योजावा लागतो: लांबट वस्तूला एक, पुस्तकाला दुसरा, कित्येक प्राण्यांना तिसरा. लहान मुले आरंभी सर्वांनाच 'ग' हा एक सरसकट शब्द लावून निभावून नेतात, आणि मोठ्यांचे बोलणे ऐकत ऐकत वर्षानुवर्षे सुधारणा करतात.

आता मुख्य प्रश्न. मुलाला भाषा मिळते ती ध्वनीपासून, की ध्वनी काढणाऱ्या माणसापासून? अमेरिकेतील सिॲटल शहरी पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाची जी परीक्षा घेतली व २००३ साली प्रसिद्ध केली, तीत योगायोगाने चिनी भाषाच वापरलेली होती. केवळ इंग्रजी ऐकलेल्या नऊ महिन्यांच्या मुलांपुढे चिनी बोलणारी माणसे चार आठवड्यांत बारा वेळा बसली. प्रत्येक बैठक सुमारे पंचवीस मिनिटांची. तीत ती पुस्तके वाचीत, खेळणी दाखवीत, मुलाकडे पाहून बोलत. एकंदर काळ पाच तासांहून अधिक नव्हता. तेवढ्यात ही मुले इंग्रजीत नसलेला चिनी वर्णांतील एक भेद तैवानमधील मुलांइतक्याच चांगल्या रीतीने ओळखू लागली. मग दुसऱ्या मुलांना त्याच माणसांचे तेच बोलणे तेवढाच वेळ चित्रफितीवरून दाखविले, आणखी काहींना नुसत्या ध्वनिफितीवरून ऐकविले. त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. चिनी भाषा ज्यांनी मुळीच ऐकली नव्हती अशा मुलांसारखीच ती राहिली.

नभोवाणीवरून हे सांगताना एक कबुली देणे प्राप्त आहे. ज्या यंत्रातून हे शब्द घरोघर पोहोचतात ते यंत्र प्रौढाला बातमी देईल, गाणे ऐकवील, विचार करावयास लावील. परंतु पाळण्यातील मुलाला ते भाषा देणार नाही. कारण उघड आहे. मूल हुंकारले तर यंत्र थांबत नाही, मुलाने बोट दाखविले तर यंत्र तिकडे पाहत नाही, मुलाने 'बा' म्हटले तर यंत्र हसत नाही. हल्ली घरोघर मुलाच्या हाती जे दूरध्वनीचे चकचकीत यंत्र देतात, त्यासही हेच लागू आहे. जेवताना मूल गप्प बसते म्हणून ते यंत्र समोर धरण्याची चाल होटगीसारख्या गावीही पोहोचली आहे. मूल गप्प बसते हाच त्या चालीचा दोष होय. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेला सल्ला असा, की दोन वर्षांखालील मुलाला कोणताही पडदा दाखवू नये. अपवाद एकच, आप्तांशी अधूनमधून होणारे चित्रध्वनीवरील संभाषण. हा अपवाद भावनेपोटी केलेला नाही. दोन ते अडीच वर्षांची मुले पडद्यावरील माणसापासून नवी क्रियापदे शिकतात का, हे अमेरिकेतील एका प्रयोगात पाहिले होते, व तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावरील माणूस त्या क्षणी मुलाला उत्तर देत असला तर मुले शिकली. त्याच माणसाचे आधी टिपून ठेवलेले बोलणे दाखविले तर शिकली नाहीत. पुण्याला किंवा परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाच्या घरी नातवंड असेल, तर होटगीच्या अज्जीने त्याच्याशी अवश्य बोलावे. मात्र त्याच्या हुंकाराची वाट पाहून बोलावे.

येथे होटगीच्या घरातील खरी अडचण पुढे येते. घरात आजीची कानडी, आईची कानडीमिश्रित मराठी, अंगणवाडीची मराठी, शेजारची दखनी, आणि पुढे शाळेत येणारी इंग्रजी. इतक्या भाषांनी मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, अशी धास्ती आईबापांना वाटते. मग एक दिवस ठरते की मुलाशी फक्त मराठीत, किंवा शक्य तर इंग्रजीत बोलावयाचे. सुनेला ते जमते. अज्जीला ते जमत नाही. ती दोन-चार दिवस मोडकेतोडके बोलून पाहते, मग हळूहळू गप्प होते. मुलाला न्हाऊ घालताना, तेल लावताना, झोपविताना ज्या तोंडातून अखंड शब्द झरत असत, ते तोंड मिटते. घरातील सर्वांत अधिक सवड असलेला आणि सर्वांत अधिक बोलणारा शिक्षक अशा रीतीने आपल्या हातांनी कामावरून दूर केला जातो.

ही धास्ती निराधार आहे. दोन किंवा तीन भाषा ऐकणारे मूल एका भाषेतील शब्द दुसरीत मिसळते खरे. परंतु तो गोंधळ नसून हाताशी जो शब्द असेल तो वापरण्याची काटकसर असते. कोणाशी कोणती भाषा बोलावयाची हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच उमगलेले असते. अशा मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजावे लागतात. अज्जीजवळ 'नीरु' आणि अंगणवाडीत 'पाणी' म्हणणाऱ्या मुलाजवळ एक शब्द नसून दोन आहेत. खऱ्या काळजीची लक्षणे निराळी आहेत. वर्ष उलटले तरी मूल हाकेला वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडीत नाही, किंवा आलेले बोलणे गेले, तर भाषांच्या संख्येला बोल न लावता प्रथम त्याच्या कानांची तपासणी करून घ्यावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून अशी तपासणी होऊ शकते. बहिरेपण जितके लवकर कळेल तितका उपाय अधिक गुणकारी ठरतो. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' या समजुतीत गेलेले वर्ष परत मिळत नाही.

चीनमध्येही आज हाच पेच आहे. शांघायमध्ये आजीआजोबांची बोली फुतोंगहुआहून इतकी निराळी आहे की ती बीजिंगच्या माणसाला समजत नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांची मुले तेथे बहुधा आजीआजोबाच सांभाळतात. परंतु शाळेत प्रमाणभाषा चालते म्हणून घरातही तीच बोलण्याकडे कल वाढला, आणि आजोबांची बोली समजते पण बोलता येत नाही अशी पिढी वाढली. प्रमाणभाषा येणे हे अगत्याचेच आहे. ती शाळेत, बाजारात, मित्रांत हटकून येते. आजीची बोली मात्र आजीखेरीज कोणाकडून येणार?

घरी बोलणे हवे, याचा अर्थ घरी पुस्तकांची कपाटे व महागडी खेळणी हवीत असा नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरचे बोलणे दिवसभर नोंदवून अमेरिकेत रेचेल रोमिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला व २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष गरीब घरांना धीर देणारा आहे. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलण्याची देवघेव किती वेळा झाली, याचाच मेंदूतील भाषाकार्याशी निकटचा संबंध दिसला. आणि आईबापांची मिळकत व शिक्षण यांचा हिशेब वजा केला तरी तो संबंध उरला. सोलापूर व आसपास हजारो स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात. मांडीवर सूप, बोटांत पान, आणि दिवसाची ठरलेली संख्या पुरी करण्याची घाई. त्या आईपाशी मुलाला घेऊन बसण्यास निराळा वेळ कोठून असावा? परंतु तिचे हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळे असते. तंबाखूची धूळ नाकात जाणार नाही इतक्या अंतरावर मूल बसवून ती त्याच्याशी बोलू शकते: 'काय पाहतोस? कावळा आला? कुठे गेला?' मुलाने 'का' म्हटले की 'हो, कावळा, उडाला कावळा' असे उत्तर द्यावे. मुलाचा अर्धा शब्द घेऊन तो पुरा करून परत देणे, हीच ती देवघेव. भाकरी थापणाऱ्या आईने 'पीठ घेऊ, पाणी घालू, थाप थाप थापू' एवढे म्हटले तरी तीन क्रियापदे मुलाच्या पदरी पडतात. सांजवेळी बापाने त्याला खांद्यावर घेऊन रुळांकडे न्यावे, मालगाडीचे डबे मोजावेत, आणि मुलाने चुकीचा आकडा सांगितला तर हसून पुढचा सांगावा.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला नेले, त्यामागे हीच दृष्टी होती. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, त्याच्या घरच्या वस्तूंनी व घरच्या बोलण्याने शिक्षणाचा पाया घालावा, असा त्यांचा आग्रह होता. अंगणवाडी हे नावच त्या आग्रहाचे आहे. होटगीच्या अंगणवाडीत कानडी बोलणारे मूल प्रथमच येते, तेव्हा सेविकेने त्याच्या 'नीरु'ला पाणी देऊन मग 'पाणी' हा शब्द द्यावा. तहान भागवून दिलेला शब्द मुलाला लवकर आपला वाटतो, आणि आपल्या घरचे बोलणे येथे हास्यास्पद नाही हेही त्याला कळते.

यिनहुआ आईच्या भाषेत वाढला. त्यानेही वडिलांचा मार्ग धरून वैद्यकाचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. परंतु ते शिक्षण चालू असतानाच १९६७ साली ऐन तारुण्यात तो निवर्तला. त्याच्या आई कुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या, आणि २०१२ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी चीनमध्ये त्यांचे निधन झाले. सोलापुरातील कोटणीसांचे घर आज त्यांचे स्मारक म्हणून जतन केले आहे. दोन देशांनी त्या नावाचा गौरव केला आणि दोन देशांची अक्षरे त्या मुलाच्या नावात एकत्र आली; तथापि सोलापूरची भाषा त्या मुलाच्या जिभेवर आली नाही, कारण ती नेणारा आवाज थांबला होता. त्यावर कोणाचाही इलाज नव्हता.

होटगीच्या उंबऱ्यावर बसलेल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याची अज्जी हयात आहे, बाप संध्याकाळी घरी येतो, आई पलीकडे चुलीपाशी आहे. त्यांपैकी कोणाचाही आवाज थांबण्याचे कारण नाही. अज्जी हात पुढे करून 'बा' म्हणते. मूल उठते, दोन पावले टाकते, पडते, पुन्हा उठते आणि तिच्या मांडीवर जाऊन आदळते. मग तेही तिच्याकडे पाहून म्हणते, 'बा'. त्याला ये म्हणावयाचे असते की आणखी काही, हे तिलाच ठाऊक. ती लगेच उत्तर देते.